९५ पिक्सेलची उडी

निरोप दोन ओळींचा होता. "ताई, माझ्याकडे गेम नीट चालतो. मैत्रिणीच्या संगणकावर पात्र पहिल्याच फळीवर चढत नाही." सोबत अख्ख्या प्रोजेक्टची झिप फाइल.

कुणाच्या मदतीशिवाय गेम बनवायला शिकणाऱ्यांचा कोड मी फावल्या वेळात बघून देते. बहुतेक अडचणी अर्ध्या तासात सुटतात आणि विसरल्याही जातात. हे प्रकरण मात्र सविस्तर लिहावंसं वाटलं. चूक एकाच ओळीत होती, पण ती ओळ तिथे कशी आली आणि इतके महिने कशी टिकली, हे शोधताना स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याची खरी अडचण कुठे असते ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. हे लिहायला तिची परवानगी आहे. तिची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

आधीचे चौदा महिने

ती सव्वीस वर्षांची. दिवसा हिशेब तपासण्याचं काम, रात्री दीड-दोन तास गेम. प्रोग्रॅमिंग कुठे शिकलेली नाही. चौदा महिन्यांत तिने व्हिडिओ बघून सहा छोटे गेम पूर्ण केले होते आणि सहाही चालत होते. सातवा तिचा स्वतःचा. त्यात एक लहान मुलगी पडक्या वाड्यात फळ्यांवरून उड्या मारत वर वर जाते. कागदावर चाळीस पातळ्या आखलेल्या होत्या, बनलेली होती एक.

ती वापरत होती ते इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडो. २०१४ पासून ते मुक्त स्रोत आहे आणि पैसे न मोजता वापरता येतं, म्हणून एकट्याने शिकणारे बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. मार्च २०२३ मध्ये त्याची ४.० आवृत्ती आली आणि जुन्या ३ क्रमांकाच्या मालिकेतल्या पुष्कळ गोष्टींची नावं बदलली. आधी पात्रासाठी 'काइनेमॅटिकबॉडी' हा नोड, म्हणजे गेमचा एक घटक, असे, तो 'कॅरेक्टरबॉडी' झाला. पात्र हलवणाऱ्या 'मूव्ह अँड स्लाइड' या फंक्शनला आधी कंसात वेग द्यावा लागे, आता वेग हा त्या नोडचाच गुणधर्म आहे आणि कंस रिकामा राहतो. तिने इंजिन नवं उतरवून घेतलं होतं आणि उडीचा व्हिडिओ जुना होता. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ओळ लाल व्हायची, म्हणजे इंजिन तिथे चूक दाखवायचं, आणि ती लाल ओळ काळी होईपर्यंत काही ना काही बदलून बघायची.

हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

पहिला प्रश्न

फाइल उघडल्यावर पाच मिनिटांत मला चूक दिसली. दुरुस्त ओळ टाइप करून पाठवायला बोटं शिवशिवत होती. पण तिच्या कोडात वरच एक टीप होती: 'ही संख्या बदलू नये, का ते माहीत नाही.' ती वाचून मी थांबले. मी ओळ पाठवली असती तर तिच्याकडे अशी आणखी एक टीप जमा झाली असती.

म्हणून मी विचारलं, "फळी किती उंचीवर आहे?"

"६४ पिक्सेल."

"आणि उडी किती उंच जाते?"

यावर बराच वेळ उत्तर आलं नाही. मग, "बघून तर पुरते असं वाटतं."

ज्या गेममध्ये उडीखेरीज दुसरं काहीच नाही, त्यातली उडी किती उंच हे तो बनवणारीला माहीत नव्हतं. यात तिचा दोष आहे असं मला मुळीच वाटत नाही. चौदा महिन्यांत तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. वर्गात कुणीतरी विचारतं, कचेरीत शेजारी बसलेला विचारतो. एकट्याने शिकताना समोर असतो तो फक्त चालणारा किंवा न चालणारा कोड. चालणारा कोड तुम्हाला काहीच विचारत नाही.

तिला म्हटलं, उडी सुरू झाल्यापासून पात्र ज्या सर्वांत वरच्या जागी पोचतं ती जागा छापून घे, दोन्ही संगणकांवर. दुसऱ्या दिवशी आकडे आले. तिच्याकडे ९५ पिक्सेल, मैत्रिणीकडे ३९.६. फळी ६४ वर. पात्र का चढत नाही ते उघड झालं.

आता उडी निम्म्याहूनही कमी का भरते हा प्रश्न होता आणि इथे तिच्या रोजच्या कामाने तिला हात दिला. मी काही सुचवण्याआधीच तिचा निरोप आला: "९५ भागिले ३९.६ म्हणजे २.४ येतात. मैत्रिणीच्या स्क्रीनवर १४४ हर्ट्झ लिहिलंय, माझी ६० ची आहे. १४४ भागिले ६० पण २.४ च." हिशेबात दोन रकमा जुळल्या की जे वाटतं तेच तिला वाटलं असणार. हे जुळणं योगायोगाचं नाही, हे तिला लगेच कळलं.

३० ही संख्या कुठून आली

तिच्या कोडात उडीचा सुरुवातीचा वेग वरच्या दिशेने ६०० होता आणि प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला, त्यातून ३० वजा होत होते. म्हणजे वीस फ्रेमनंतर वेग शून्य आणि तिथून उतरण. पण फ्रेम म्हणजे काही ठरावीक वेळ नाही. स्क्रीनचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल तर वीस फ्रेम म्हणजे एक तृतीयांश सेकंद. १४४ वेळा बदलत असेल तर त्याच वीस फ्रेम ०.१४ सेकंदात संपतात. मैत्रिणीच्या घरी पात्राला वर जायला वेळच अपुरा मिळत होता.

याचा उपाय प्रत्येक व्हिडिओत असतो, तिने बघितलेल्यातही होता. आधीच्या फ्रेमपासून किती सेकंद गेले ती संख्या इंजिन देतं, तिला डेल्टा म्हणतात. गुरुत्वाकर्षणाला डेल्टाने गुणायचं. मग फ्रेम कमी पडोत की जास्त, एका सेकंदात वेगातून तेवढीच वजाबाकी होते.

मग तिच्या कोडातला डेल्टा गेला कुठे? जुन्या प्रती चाळून तिनेच तो शोधला. व्हिडिओत 'गुरुत्व १८०० गुणिले डेल्टा' असं होतं. लाल ओळींशी झगडताना तिने उडीचं वेगळं फंक्शन केलं. त्यात डेल्टा पाठवायचा राहिला, म्हणून 'डेल्टा माहीत नाही' अशी लाल ओळ आली. तिने डेल्टा काढून टाकला आणि लाल रंग गेला. पण पात्र जमिनीवरून उठेना, कारण आता दर फ्रेमला १८०० वजा होत होते. म्हणून ती संख्या कमी करत गेली, उडी आधीसारखी वाटेपर्यंत. अंदाजाने, नुसत्या डोळ्यांनी, ती ३० वर येऊन थांबली.

१८०० भागिले ६० म्हणजे ३०.

हे वाचून मी क्षणभर गप्प झाले. त्यामागचं गणित ठाऊक नसताना तिच्या नजरेने आणि बोटांनी अगदी बरोबर उत्तर काढलं होतं. मात्र ते तिच्या स्क्रीनपुरतंच बरोबर होतं. गेम बनवायला लागणारी जाण तिच्यात भरपूर होती. नव्हतं ते एवढंच, की या ३० मध्ये तिच्या स्क्रीनचे ६० दडलेले आहेत हे तिला कुणी दाखवलेलं नव्हतं.

तिला थोडं अपराधी वाटत होतं, म्हणून मी तिला मोठ्या घरच्या गोष्टी सांगितल्या. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्यावरच्या कित्येक गेमनी तोच वेग गृहीत धरला होता. पुढे वेगवान संगणक आले आणि ते गेम खेळता येणार नाहीत इतके पळू लागले. त्या काळच्या संगणकांवर टर्बो नावाचं बटण असे. नाव टर्बो असलं, तरी जुन्या गेमसाठी ते संगणक हळू करायला उपयोगी पडायचं. २०१४ च्या डार्क सोल्स २ या गेममध्ये सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम मिळाल्या की शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायची. अनुभवी माणसांच्या हातूनही हेच झालेलं आहे. उलट स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) या गेममध्ये शत्रू कमी होतील तसे उरलेले भराभर सरकतात, तेही मुळात यंत्राच्या मर्यादेमुळे घडलं. तो गेम बनवणारे तोमोहिरो निशिकादो यांना ते आवडलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. काय घडतंय ते त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते ठेवायचं की काढायचं हे ठरवणं त्यांच्या हातात होतं.

दोन रकान्यांची वही

इथून पुढे मी तिला एकच अट घातली. कोडात बदल करायचा, पण चालवण्याआधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. मग चालवायचं आणि शेजारी लिहायचं, काय झालं. डावीकडे 'अंदाज', उजवीकडे 'निघालं'.

पहिलीच नोंद चुकली. डेल्टाने गुणायचं एवढं डोक्यात बसलं होतं, म्हणून तिने गुरुत्व ३० च ठेवून वेगालाही डेल्टाने गुणलं. अंदाज: दोन्हीकडे ९५. निघालं: पात्र जागचं हललंच नाही. कारण वेगाचं अंतर करताना 'मूव्ह अँड स्लाइड' आतल्या आत डेल्टाने गुणतंच. गुरुत्वाचं मात्र तसं नाही, ते वेगात मिळवणारी ओळ आपली असते, म्हणून तिथे गुणाकारही आपणच करायचा.

हे तिला शब्दांत सांगून पटलं नाही. पटलं ते एकक लिहिल्यावर. प्रत्येक संख्येपुढे तिने एकक लिहायला सुरुवात केली: जागा पिक्सेलमध्ये, वेग पिक्सेल दर सेकंद, गुरुत्व पिक्सेल दर सेकंद दर सेकंद. एका एककातून दुसऱ्यात जाताना एकदाच सेकंदाने गुणायचं. एकक न लिहिलेली रक्कम ती तिच्या कामात कधीच पुढे जाऊ देत नाही. इथे तीच शिस्त लावायची आहे हे कळल्यावर कोडातल्या सात ठिकाणच्या चुका तिने एका बैठकीत काढल्या.

दुसरी नोंद. गुरुत्व १८००, डेल्टासह. अंदाज: दोन्हीकडे ९५. निघालं: तिच्याकडे ९५, मैत्रिणीकडे ९७.९.

इथे बहुतेक जण थांबतात आणि मीही थांबले असते. तीन पिक्सेलने काय बिघडतं? ती थांबली नाही. वहीतले दोन आकडे जुळत नाहीत हे तिला सहन होईना. मुद्दाम ३० फ्रेमवर चालवून पाहिलं तर ९० आले. मग शाळेतलं सूत्र काढलं, वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व, म्हणजे १००. फ्रेम जितक्या जास्त, तितकं उत्तर शंभराकडे सरकत होतं. खरी उडी ही सलग वक्ररेषा असते, तर संगणक तिच्या जागी छोटे छोटे सरळ तुकडे जोडतो. तुकडे मोठे असतील तर उडी बुटकी होते. आज ती तीन पिक्सेल वाटतात, पण उद्या कुणी फळी ९७ वर ठेवली तर तीच फळी एकीला गाठता येईल आणि दुसरीला नाही.

यावरचा उपाय जुना आहे. गेमच्या जगाचं घड्याळ स्क्रीनपासून वेगळं करायचं. १९९३ च्या डूम या गेममध्ये जग सेकंदाला ३५ ठोक्यांनी पुढे सरकायचं. गोडोत 'फिजिक्स प्रोसेस' नावाचं फंक्शन यासाठीच असतं आणि मूळ मांडणीत ते सेकंदाला ६० वेळा चालतं, स्क्रीन कितीची का असेना. तिने उडी तिथे हलवली. अंदाज: दोन्हीकडे ९५. निघालं: दोन्हीकडे ९५.

त्या नोंदीच्या पानाचा तिने मला फोटो पाठवला, खाली दोन रेघा ओढलेला.

संख्या आपल्या हातात

खरा बदल यानंतर दिसला. मी न विचारता तिने विचारलं, "६०० आणि १८०० या संख्या तरी त्या व्हिडिओवाल्याने कुठून आणल्या?"

त्या कुठून आणल्या हे व्हिडिओत नव्हतं. पण उलट्या बाजूने काढता येतं. उडी किती उंच हवी आणि टोकाला पोचायला किती वेळ हवा, या दोन गोष्टी आपण ठरवायच्या. गुरुत्व म्हणजे दोन गुणिले उंची, भागिले वेळेचा वर्ग. सुरुवातीचा वेग म्हणजे दोन गुणिले उंची, भागिले वेळ. उंची १०० आणि वेळ एक तृतीयांश सेकंद धरला तर नेमके १८०० आणि ६०० येतात.

तिच्या वाड्यातली मुलगी लहान आहे, थकलेली आहे. तिची उडी जरा बुटकी आणि रेंगाळणारी हवी असं तिच्या मनात पहिल्यापासून होतं, पण ते कोडात कसं आणायचं ते माहीत नव्हतं. तिने ठरवलं, उंची ८०, वेळ ०.४ सेकंद. गुरुत्व आलं १०००, वेग ४००. चालवण्याआधी वहीत लिहिलं: 'सूत्राने ८०, पण तुकड्यांमुळे ७७ च्या आसपास.' निघालं ७६.७. फळी ६४ वर, म्हणजे जेमतेम बारा पिक्सेल उरतात. मुलगी दमून चढते असं आता खरंच वाटतं. संपूर्ण प्रकरणात मला सर्वाधिक आनंद या नोंदीचा झाला.

याच सुमारास तिला सगळा कोड फेकून नव्याने, 'व्यवस्थित' लिहायचा होता. मी विरोध केला. टेरी कॅव्हना यांनी व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही या आपल्या गेमचा कोड जानेवारी २०२० मध्ये दहाव्या वाढदिवसाला सगळ्यांसाठी खुला केला. त्यात गेमचा बराचसा कारभार एका लांबलचक स्विच विधानात, म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या आदेशात, कोंबलेला आहे, आणि तो गेम लोकांनी मनापासून खेळला. कोड नीटनेटका नाही म्हणून गेम अडत नाही. कोड करतोय काय हे आपल्याला माहीत नसलं की अडतो. तिने चाळीस पातळ्यांचा कागद मात्र बाजूला ठेवला. पाँग हा गेम १९७२ मध्ये ॲलन ॲल्कॉर्न यांना सरावासाठी दिलेलं काम म्हणून सुरू झाला होता, हे तिला फार आवडलं. आता लक्ष्य तीन पातळ्यांचं आहे.

'बटण चालत नाही'

उडी सर्वत्र सारखी झाल्यावर तिने गेम तीन मैत्रिणींना खेळायला दिला. तिघींची तक्रार एकच होती, कधी कधी बटण चालत नाही. दोन महिन्यांपूर्वी असती तर तिने बटणाचा कोड उलटापालटा करून पाहिला असता. आता तिने प्रत्येक वेळी बटण दाबलं तेव्हा पात्र जमिनीवर होतं का आणि जमीन सुटून किती फ्रेम झाल्या होत्या, हे छापून घेतलं. फसलेल्या उड्यांपैकी बहुतेक कडा सुटल्यानंतर एक ते पाच फ्रेमच्या आत दाबलेल्या निघाल्या. खेळणारीला आपण अजून फळीवरच आहोत असं वाटत होतं. गेमच्या लेखी मात्र ती हवेत होती, आणि हवेतून उडी मारता येत नाही.

म्हणून कडा सुटल्यावरही थोडा वेळ उडीला परवानगी द्यायची. २०१८ च्या सेलेस्ट या गेममध्ये ही सवलत ०.१ सेकंदाची आहे. पात्राचा तो कोड तो गेम बनवणाऱ्या मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी सर्वांना वाचायला ठेवलेला आहे, तिथे ती संख्या सापडते. आमच्या घड्याळात ०.१ सेकंद म्हणजे सहा ठोके. तिने सहा ठेवले, तक्रार थांबली. हीच सवलत जमिनीला टेकण्याआधी किंचित लवकर दाबलेल्या बटणालाही द्यावी लागते. ते तिने स्वतःहून ओळखलं.

अजून सुटायचं आहे ते

एक चूक माझीही झाली. जगाचं घड्याळ ६० वर बांधलं की १४४ च्या स्क्रीनवर काय दिसतं, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. जग सेकंदाला ६० वेळा सरकतं आणि चित्र १४४ वेळा बदलतं. त्यामुळे पात्राची एक जागा कधी दोन फ्रेम दिसते, कधी तीन, आणि हालचाल थरथरल्यासारखी वाटते. मैत्रिणीने ते पहिल्याच दिवशी सांगितलं. आपला उपायच फसला असं वाटून ती दोन दिवस काहीच न करता बसली. ते दोन दिवस माझ्यामुळे गेले.

गोडोच्या ४.३ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, द्विमितीय गेमसाठी फिजिक्स इंटरपोलेशनची सोय आहे. मागच्या ठोक्याची जागा आणि आताच्या ठोक्याची जागा यांच्या मधलं स्थान इंजिन चित्रात दाखवतं, त्यामुळे थरथर जाते. पण चित्र जगाच्या जवळपास एक ठोका मागे राहतं. सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद.

हा उशीर खेळणारीच्या बोटांना जाणवेल का, हे तिला अजून ठरवायचंय. काल तिने वहीचं नवं पान पाठवलं. डाव्या रकान्यात लिहिलंय: 'इंटरपोलेशन चालू. मैत्रिणीला थरथर दिसणार नाही. कडेवरच्या उड्या थोड्या जास्त फसतील, कारण तिला कडा एक ठोका उशिरा दिसेल. सवलत सहावरून सात करावी लागेल.' उजवा रकाना कोरा आहे. मैत्रीण रविवारी खेळणार आहे.